दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को : अंतर ठरलेले, प्रवासाचे तास मात्र बदलते

नवी दिल्ली : दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यातील सर्वांत कमी हवाई अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर आहे. मुंबईहून ते आणखी सुमारे १,१०० किलोमीटरने वाढते. ताशी ९०० किलोमीटर वेगाच्या विमानाला दिल्लीहून चौदा तास पुरावेत, असा हिशेब सहज मांडता येतो. प्रत्यक्षात थेट उड्डाणाला साडेपंधरा-सोळा तास, प्रसंगी त्याहूनही अधिक वेळ लागतो.

पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो हिमालय, तिबेटचे पठार, सायबेरिया, आर्क्टिक महासागर आणि अलास्कावरून जातो. परंतु विमानातील हवेचा दाब अचानक कमी झाल्यास वैमानिकाला सुमारे तीन हजार मीटर उंचीपर्यंत खाली यावे लागते. तिबेटच्या पठाराची सरासरी उंचीच साडेचार हजार मीटर आहे आणि प्रवाशांच्या मुखवट्यांतील प्राणवायू काही मिनिटेच पुरतो. त्यामुळे विमानांना सहसा वळसा घ्यावा लागतो.

लांबचा मार्ग नेहमीच अधिक वेळ घेतो, असेही नाही. एअर इंडियाने डिसेंबर २०१५ मध्ये ही थेट सेवा सुरू केली, तेव्हा विमाने अटलांटिकवरून जात. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने पॅसिफिकचा मार्ग निवडला. अंतर सुमारे १३,९०० वरून १५,३०० किलोमीटर झाले. तरीही विमान साडेचौदा तासांत पोहोचले. पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वेगवान वाऱ्यांची ही किमया. हेच वारे अटलांटिकच्या मार्गावर विमानाला सामोरे येतात.

वाऱ्यापेक्षा राजकारणाचा अडसर मोठा. रशियाने २०२२ मध्ये अमेरिकी कंपन्यांना हवाई हद्द बंद केली. एअर इंडियाला ती खुली राहिली. या सवलतीतील जोखीम जून २०२३ मध्ये दिसली. इंजिनातील बिघाडामुळे दिल्लीहून निघालेले विमान रशियातील मगादान येथे उतरवावे लागले आणि पर्यायी विमान येईपर्यंत प्रवासी तेथेच अडकले. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय विमानांना बंद केल्यावर उत्तर अमेरिकेच्या काही उड्डाणांना इंधनासाठी व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला थांबावे लागले. अशा थांब्याने प्रवास काही तासांनी लांबतो. मुलांकडे निघालेल्या वृद्ध आईवडिलांना आणि पुढचे विमान गाठणाऱ्यांना हाच फरक सर्वाधिक जाचतो. म्हणून तिकीट घेताना किलोमीटरपेक्षा थांबा आहे की नाही, हे पाहणे अधिक उपयोगाचे.

घड्याळाचा गोंधळ वेगळाच. सॅन फ्रान्सिस्को भारताच्या उन्हाळ्यात साडेबारा, तर हिवाळ्यात साडेतेरा तास मागे असते. उन्हाळ्यात पहाटे चारला दिल्ली सोडणारा प्रवासी साडेपंधरा तास उडूनही तेथे त्याच दिवशी सकाळी सातला उतरतो. परतताना मात्र रविवारी सकाळी दहाला निघालेले विमान सोळा तासांनी, म्हणजे सोमवारी दुपारी अडीचला दिल्लीत पोहोचते.