सोमवारचा दम

हिवाळ्यात मलकापूरच्या आसपास, कृष्णा-कोयनेच्या शिवारात गुऱ्हाळं पेटतात. गडी कवळ्यानं वाळलेलं चिपाड उचलतो, धूळ उडते, तो खोकतो. कुणीतरी म्हणतं, "गूळ खा, धूळ जाईल." पण गूळ जातो पोटात अन् धूळ जाते छातीत. एवढं कळायला माणसाला किती काळ लागला, ते पाहू.

इटलीत रामाझ्झिनी नावाचे वैद्य होते. 1700 साली त्यांनी कामकऱ्यांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. वाख पिंजणारे, धान्य चाळणारे अन् मापणारे यांचा खोकला त्यांनी नोंदवला. रोग्याला त्याचा धंदाही विचारा, असं त्यांनी वैद्यांना बजावलं.

पुढं 1854 साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापडगिरणीचा पाया घातला. सातारा, रत्नागिरीकडची माणसं पोटासाठी गिरण्यांत गेली. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यानं 1890 साली रविवारची सुटी मिळाली. कापसाच्या धुळीचा विकार असा चमत्कारिक, की सुटीनंतर कामावर येताच छाती आवळते. आठवडा सरेल तसं हलकं वाटतं. घरच्यांना वाटावं, सुटीचा आळस! वर्षं उलटली, की दम रोजचाच होतो.

चिपाडाचं दुखणं 1941 साली अमेरिकेतल्या लुइझियाना या उसाच्या मुलखातल्या डॉक्टरांनी मांडलं. ताज्या चिपाडाचं एवढं भय नाही. साठवून बुरसलेलं अन् मग सुकलेलं चिपाड हलवलं, की त्यातले सूक्ष्म जीव धुळीबरोबर छातीत जातात. काही तासांनी थंडी, ताप, कोरडा खोकला अन् धाप लागते. आपण समजतो, हिवताप आला!

1948 च्या कारखाने अधिनियमानं धूळ उठते तिथंच ओढून घ्यावी, असं बंधन घातलं. नुकसानभरपाईच्या कायद्यातही कापसाच्या अन् चिपाडाच्या धुळीचे आजार आले. पण पाच-सात गड्यांच्या गुऱ्हाळावर अन् खळ्यावर कारखान्याचा कायदा पोचला नाही. तिथं आपणच जपायला हवं. चिपाड कोरड्या, हवेशीर जागी रचा. बुरसलेला ढीग हलवण्याआधी पाण्याचा हबका मारा. वारा पाठीवर घेऊन उभे राहा. तोंडाला पंचा बांधलात तरी बारीक धूळ त्यातून आत जातेच, हे विसरू नका.

आणि गुरुजी, एवढं मुलांकरवी घरोघर पोचवा: दम लागला तर दवाखान्यात आपलं काम आधी सांगा, आणि कोणत्या दिवशी, कामानंतर किती वेळानं लागतो, तेही सांगा. रामाझ्झिनींचा प्रश्न कुणी विचारला नाही, तरी उत्तर आपण द्यावं.