कुलसंमेलने आणि त्यांची साधने

गेल्या काही वर्षांत आपल्या ज्ञातीतील घराण्यांमध्ये कुलसंमेलने भरविण्याचा उत्साह वाढीस लागला आहे, ही मोठ्या आनंदाची गोष्ट होय. एकाच मूळ पुरुषाचा वंशविस्तार मुंबई, पुणे, बेळगाव, इंदूर, बडोदे येथे व आता परदेशांतही विखुरलेला असताना सर्व शाखांनी अधूनमधून एका मांडवाखाली यावे, ही इच्छा स्वाभाविकच आहे. परंतु संमेलनाचा विषय निघाला की स्थळ आणि भोजन यांच्याही आधी एक प्रश्न उभा राहतो. बोलावणे कोणाकोणास धाडावयाचे व ते कोणत्या मार्गाने? तरुण मंडळी हाच प्रश्न 'कोणते ॲप घ्यावे' अशा शब्दांत विचारतात. त्याचे उत्तर देण्यापूर्वी आपल्या पूर्वजांनी हे कार्य कोणत्या साधनांनी पार पाडले, त्यांतील कोणती टिकली व कोणती लयास गेली, हे पाहणे उद्बोधक ठरेल असे आम्हांस वाटते.

सर्वांत जुने साधन म्हणजे कुलदैवत. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात देवालयांवर संकट ओढवले, तेव्हा आपल्या पूर्वजांनी देव उचलून आदिलशाही मुलुखातील अंत्रुज महालात नेले. कुशस्थळीचा श्रीमंगेश १५६० मध्ये प्रियोळास आला. केळशीची श्रीशांतादुर्गा कवळ्यास व वेर्ण्याची श्रीम्हाळसा म्हार्दोळास स्थिरावली. कुळे मात्र उत्तरेस कोकणात व दक्षिणेस कानडी मुलुखात पांगली. त्या काळी घरोघर पत्र धाडण्याची सोय नव्हती, तरीही कुळावी मंडळी एकमेकांस भेटत राहिली. याचे कारण उघड आहे. श्रीमंगेशाची जत्रा माघात हे सर्वांस ठाऊक होते. स्थळ ठरलेले, तिथी ठरलेली, मग निराळ्या निमंत्रणाची गरज ती काय? पुढे १८८६ मध्ये पोर्तुगीज सरकारने देवस्थानांच्या महाजनांविषयी नियमावली केली व महाजनांच्या याद्यांना कायद्याचे रूप आले. अशा रीतीने मेळाव्यास नोंदवहीची जोड मिळाली.

दुसरे साधन तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचे. नाशिक, त्र्यंबकेश्वर, प्रयाग, गया, हरिद्वार या क्षेत्री गेलेल्या यात्रेकरूने आपले नाव, गाव, बाप-आज्यांची नावे व बरोबरच्या आप्तांची नावे उपाध्यायाच्या वहीत लिहून खाली सही करावयाची, असा प्रघात होता व आजही तो पुष्कळ ठिकाणी आहे. पुढच्या पिढीतील कोणी आला की जुने पान काढून त्याच्यापुढे ठेवावयाचे व नवी नावे भरून घ्यावयाची. या वह्या का टिकल्या, याचा विचार केला पाहिजे. वही जपणे हा उपाध्यायाच्या उपजीविकेचाच भाग होता. वही हरवली म्हणजे यजमान हरवला! शिवाय प्रत्येक भेटीत ती नवी होत गेली. हरिद्वारच्या अशा वह्यांची सूक्ष्मचित्रे अमेरिकेतील यूटा येथील वंशावळी-संस्थेने विसाव्या शतकात घेतली, यावरून त्यांची योग्यता सहज ध्यानी येईल.

तिसरे साधन टपालाचे. १ जुलै १८७९ रोजी हिंदुस्थानात पाव आण्याचे पोस्टकार्ड सुरू झाले आणि साध्या गृहस्थासही दूरच्या चुलतभावाची खबर घेणे परवडू लागले. हळदकुंकवाची बोटे लावलेले कार्ड हाती पडताच मंगलकार्य कळे, कोपरा फाडलेले कार्ड पाहताच घरात शांतता पसरे. मजकूर वाचण्यापूर्वीच बातमी पोहोचविणारे याहून सोपे साधन कोणते असेल? ते सर्वांस समजत असे, हेच त्याचे सामर्थ्य होते. निरक्षर आजीसही त्यातील मुख्य गोष्ट कळत असे. तारेने तातडीची कामे केली, परंतु आपल्या देशातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

टपालाच्याच आधाराने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कुलवृत्तान्तांचे युग आले. घराण्यातील एखाद्या ध्येयवेड्या गृहस्थाने छापील तक्ते गावोगाव धाडावे, आलेली उत्तरे जुळवावी, न आलेल्यांसाठी स्वतः पायपीट करावी व वर्गणी जमवून ग्रंथ छापावा, असा हा उद्योग होता. या संपादकांचे ऋण थोर आहे. तथापि दोन उणिवा नमूद करणे प्राप्त आहे. छापलेला ग्रंथ छापल्या दिवसापासूनच जुना होऊ लागतो, ही पहिली. दुसरी अधिक गंभीर आहे. बहुतेक कुलवृत्तान्तांत वंश पुत्रांकडून पुढे चालतो. कन्येचे नाव, सासरचे आडनाव व गाव एवढ्यावर तिची ओळ संपते. तिची मुले-नातवंडे आजोळच्या ग्रंथात कोठेच नाहीत. सुनांच्या माहेरचीही तीच गत. ज्या स्त्रियांनी नाती जोडून ठेवली, सण-वार व बारशी-लग्ने यांची आठवण ज्यांनी राखली, त्याच यादीबाहेर राहिल्या.

चौथे युग संगणकाचे. १९९८ मध्ये अमेरिकेत मायफॅमिली डॉट कॉम नावाची सेवा निघाली. कुटुंबाने आपले खासगी पान उघडावे आणि तेथे छायाचित्रे, निरोप व दिनदर्शिका एकत्र ठेवावी, अशी ती कल्पना होती. २०१४ मध्ये ती सेवा बंद झाली. २००४ मध्ये आलेले ऑर्कुट आपल्या देशातील तरुणांत विलक्षण लोकप्रिय झाले; तेही ३० सप्टेंबर २०१४ रोजी मिटले. २००१ पासून चालत आलेल्या याहू ग्रुप्सवरील जुना पत्रव्यवहार २०१९ च्या अखेरीस पुसला जाऊ लागला व डिसेंबर २०२० मध्ये ती सेवाच संपली. कुशस्थळीहून निघालेला देव साडेचारशे वर्षांहून अधिक काळ आपल्या स्थानी आहे. मायफॅमिली मात्र सोळा वर्षांत व ऑर्कुट अवघ्या दहा वर्षांत दिसेनासे झाले! यात या सेवांची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. परक्याच्या दुकानात ठेवलेली वही दुकान मिटताच जाणार, एवढेच आमचे म्हणणे.

या इतिहासातून आम्हांस एक विवेक करावासा वाटतो. संमेलनात दोन कार्ये असतात व ती भिन्न स्वभावाची आहेत. बोलावणे हे तात्कालिक कार्य, तर नोंद हे चिरकालिक कार्य. बोलावण्यासाठी जे साधन आज सर्वांच्या हाती आहे तेच उत्तम. ते उद्या बदलले तरी बिघडत नाही. नोंदीसाठी मात्र जी वही आपल्या ताब्यात राहते तीच घ्यावी. आज बहुतेक घराणी ही दोन्ही कामे एकाच व्हॉट्सॲप समूहावर सोपवितात आणि मग संभाषणाच्या ओघात यादीच वाहून जाते.

म्हणून संयोजकांपुढे आम्ही काही सूचना ठेवतो. बोलावण्यासाठी व्हॉट्सॲपचा समूह पुरेसा आहे. २०२२ पासून एका समूहात १,०२४ माणसे मावतात व मत घेण्याची सोयही त्यात आहे. दिवस ठरविण्यासाठी २००७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये निघालेल्या डूडलसारखे साधन वापरता येईल. दोन-तीन तारखा मांडाव्या व ज्याने त्याने आपली सोय दर्शवावी. बैठक दूरस्थ असेल तर पुण्यात रात्रीचे ८ वाजतात तेव्हा न्यू जर्सीत हिवाळ्यात सकाळचे ९.३० असतात, हे विसरू नये. माणसे किती, मुक्काम किती, उपवासाचे कोण, जिना चढू न शकणारे कोण, ही माहिती गूगल फॉर्मवर घेतली की ती आपोआप कोष्टकात उतरते. वर्गणी यूपीआयने येवो वा रोख, तिचा हिशेब मात्र सर्वांस पाहता येईल असा ठेवावा. संमेलने मोडतात ती बहुधा हिशेबावरून.

वंशावळीसाठी गेनी, मायहेरिटेज, फॅमिलीसर्च अशा सेवा आहेत. त्यांत कन्येची शाखा पुत्राच्या शाखेइतकीच विस्तारता येते, कुलवृत्तान्तांतील जुना अन्याय दूर करता येतो. हा लाभ मोठा आहे व तो अवश्य घ्यावा. परंतु निवड करताना एक प्रश्न अगोदर विचारावा : भरलेली माहिती बाहेर काढून घेता येते काय? त्यासाठी जेडकॉम नावाची एक सर्वमान्य लेखनपद्धती १९८४ पासून प्रचारात आहे. त्या पद्धतीने आपली वंशावळ जेथून उतरवून घेता येत नाही, ते साधन कितीही देखणे असले तरी टाळावे.

याखेरीज तीन पथ्ये पाळावी. यादीची किल्ली एका व्यक्तीपाशी नसावी. निरनिराळ्या शाखांतील तिघांपाशी असावी व त्यांतील निदान एक तरुण, एक स्त्री असावी. एका गृहस्थाच्या निधनाबरोबर त्याच्या दूरध्वनीतील सारे घराणे कुलूपबंद व्हावे, हे योग्य नव्हे. लहान मुलांच्या जन्मतारखा व एकट्या राहणाऱ्या वृद्धांचे पत्ते सर्वांस दिसतील असे ठेवू नये. आणि ज्यांच्यापाशी साधा दूरध्वनीच आहे, त्यांच्या नावापुढे कोणा भाच्या-पुतणीचे नाव लिहावे. तिने स्वतः दूरध्वनी करून निमंत्रण सांगावे व उत्तर कळवावे. ज्या साधनाने घरातील सर्वांत वडील आत्याबाई वगळल्या जातात, ते साधन कुलसंमेलनाचे नव्हे.

शेवटी एक विनंती. प्रत्येक संमेलनाच्या समाप्तीस त्या दिवसापर्यंतची यादी साध्या कागदावर छापून प्रत्येक शाखेस एकेक प्रत द्यावी, आणि ती हाती घेताना वडीलधाऱ्यांनी आपल्या शाखेची नावे वाचून तपासावी, खाली सही करावी. तीर्थोपाध्यायाने शेकडो वर्षे हेच केले. साधने काळानुसार येतील व जातील. वही नवी करण्याचे कर्तव्य मात्र आता उपाध्यायाचे राहिलेले नाही, ते आपले आहे. येत्या उन्हाळ्यात ज्या घराण्यांची संमेलने योजिली आहेत, त्यांनी या सूचनांचा विचार करावा, एवढे विनवून हा लेख पुरा करतो.