मालाडचा वसंत, उलट्या वाटेने

फाल्गुन सरत आला आहे. सकाळचे साडेसहा. मालाड पश्चिमेच्या लिबर्टी गार्डनमध्ये या, नाहीतर तुमच्या घराजवळच्या पालिकेच्या कुठल्याही बागेत. आजी-आजोबांच्या फेऱ्या सुरू झाल्यात, माळीदादा पाइपने वाफे भिजवताहेत. तुम्ही सोनमोहराखाली थांबा.

खाली आलेल्या एका फांदीला उभा तुरा आहे. खालची फुलं उमललीत, वरच्या कळ्या मिटलेल्या. एक कळी बोटांवर घ्या. तिच्यावर गंजाच्या रंगाची मऊ लव आहे. उमललेल्या फुलाच्या पाच पिवळ्या पाकळ्या चुरगळलेल्या दिसतात आणि प्रत्येकीच्या मध्यावर, देठाकडे, तीच तांबूस लव उतरलेली असते. पलीकडे टॅबेबुया गुलाबी झाला आहे. गुलमोहर अजून काळ्या शेंगा खुळखुळवत उभा आहे, त्याची पाळी वैशाखात. कोपऱ्यात चाफ्याने पांढरी फुलं टाकली आहेत.

यातला प्रत्येक रंग कुणीतरी, कधीतरी इथे आणून लावला. आता तुम्ही त्या हातांच्या मागावर निघा. वाट उलटी आहे आणि नियम एकच: ज्या काळात जे झाड इथे नव्हतं, ते तुमच्या डोळ्यांसमोरून जाईल.

पहिला थांबा १९५७. मुंबई महापालिकेची हद्द याच वर्षी दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली आणि मालाड मुंबईत आलं. टॅबेबुयाचा गुलाबी रंग गेला. लिंक रोड नाही, टॉवर नाहीत. पश्चिमेकडे पाहिलंत तर कापणी होऊन सुकलेली भातखाचरं आणि त्यापुढे खाजण. वारा थेट खाडीवरून येतो आणि त्यात आंब्याच्या मोहराचा वास आहे. आदल्याच वर्षी दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ प्रसिद्ध झालंय. महिन्यामहिन्याने झाडं कशी पाहायची, हे त्या पुस्तकाने मराठी माणसाला दाखवलं. तुमच्या पिशवीत ते असेल तर या बांधावर बसून चाळून घ्या.

आता १९३६. हिमांशू राय आणि देविका राणी यांनी दोन वर्षांपूर्वी उभारलेली बॉम्बे टॉकीज इथे मालाडातच आहे. तिचा ‘अछूत कन्या’ हा चित्रपट याच वर्षीचा. आज ‘बॉम्बे टॉकीज कंपाउंड’ एवढं नाव पत्त्यांत उरलंय, पण इथे तुमच्यासमोर तो स्टुडिओ कामात गढलेला आहे. झाडांच्या बाबतीतही हा काळ जागा आहे. पुढच्या वर्षी फादर एथेलबर्ट ब्लॅटर आणि डब्ल्यू. एस. मिलार्ड यांचं ‘सम ब्यूटिफुल इंडियन ट्रीज’ येईल. त्यात पळस-पांगाऱ्याच्या सोबतीला गुलमोहरही असेल. परक्या मुलखातून आलेलं झाड तोवर घरचं झालेलं आहे.

आणखी मागे, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर. बाग नाही, सोनमोहरही नाही. छिन्नी-हातोड्याचे आवाज ऐका, ते खाणीतले आहेत. मालाडचा पिवळसर दगड फोडून शहरात जातो आहे. १९०५ मध्ये ज्याची पायाभरणी झाली, त्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमला, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला, कुर्ल्याच्या करड्या दगडाबरोबर हाच दगड लागला. पुढच्या खेपेला तिथे गेलात तर भिंतीवर हात ठेवा, ती तुमच्या मालाडची जमीन आहे.

यानंतरची उडी मोठी आहे. १७३७चा वसंत. साष्टीवर, म्हणजे मालाड ज्या बेटावर आहे तिथे, पोर्तुगीजांचा अंमल आहे आणि चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठी फौजा ठाण्यावर चालून आल्या आहेत. तुम्ही गुलमोहर शोधता आणि तो सापडत नाही. युरोपातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांना तो मादागास्करमध्ये भेटणार १८२०च्या दशकात, म्हणजे अजून सुमारे नव्वद वर्षांनी. ज्याच्यावाचून आपल्याला मे महिना सुचत नाही, ते झाड पेशव्यांनी पाहिलेलं नाही. चाफा मात्र दिसेल, काजूही दिसेल; दोन्ही अमेरिकेकडची. आता वसईच्या तहाच्या, १५३४च्याही मागे सरका. काजूही गेला. बागेतले तुमच्या ओळखीचे जवळजवळ सगळे रंग संपले.

तरीही वसंत संपलेला नाही. मान वर करा आणि पूर्वेकडे पाहा. कुरार, दिंडोशीपलीकडच्या डोंगराला लाल धग आली आहे. तिकडे चालू लागा, आणि चालता चालता आणखी शतकं मागे टाका, कन्हेरीच्या लेण्यांत भिक्षू राहत होते त्या काळापर्यंत. खडकात कोरलेल्या टाक्यांत गेल्या पावसाचं पाणी आहे. भोवतीचं रान निष्पर्ण. उन्हाळा तोंडावर आला की ही झाडं पाणी वाचवायला पानं गाळतात, आणि पानांचा आडोसा नसल्यामुळे त्यांची फुलं पाखरांना दुरूनही दिसतात. तांबड्या रंगाचं कारण तेच आहे. मधमाशीला लाल रंग नीट दिसत नाही, पाखरांना दिसतो. सावर, पळस आणि पांगारा या तिघांनीही मुख्यतः पाखरांसाठी मांडामांड केली आहे.

सावरीखाली उभे राहा. तळहाताएवढं मांसल फूल धपकन पडतं आणि चितळं ती फुलं खायला खाली जमतात. पळसाचं फूल उचलून घ्या. काळपट, मखमली पेल्यातून केशरी पाकळ्या निघतात, त्यातली एक पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली. शिंजीर येतो, फांदीला लटकतो, मध पितो आणि कपाळावर पराग घेऊन पुढच्या झाडाकडे जातो. कुसुमाला तुम्ही आधी फुललेला समजाल, पण ते रक्तासारखं तांबडं दिसतंय ती त्याची कोवळी पानं आहेत. इथे कुणी काही आणून लावलेलं नाही. सावरीचं बी कापसाबरोबर वाऱ्याने नेलं, पळसाची चपटी शेंगही वाऱ्यानेच उडवली.

आता परत फिरा. येताना चाफा येईल, गुलमोहर येईल, सोनमोहर आणि टॅबेबुया येतील आणि तुम्ही पुन्हा बागेच्या फाटकाशी उभे असाल. या पाहुण्यांबद्दल मनात किंतू ठेवू नका. त्यांनी सावली दिली, मुलांना रंग दिला. खंत एवढीच, की त्यांना जागा देताना आपण घरच्यांना डोंगरावर ठेवलं. मालाडमधली कितीतरी मुलं पळसाचं फूल हातात न घेता मोठी होतात आणि तो पळस त्यांच्या खिडकीतून दिसणाऱ्या डोंगरावर फुललेला असतो.

आणि आता आजच्याही पुढे जा, चाळीस वर्षं. तिथला वसंत कसा असेल, ते या पावसाळ्यात ठरणार आहे. महापालिकेच्या २०१८ च्या गणनेत मुंबईत सुमारे २९.७५ लाख झाडं मोजली गेली. त्यातलं प्रत्येक शाबूत राहावं म्हणून १९७५ चा झाडांच्या जतनाचा कायदा आहे. वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. पण बुंध्यापर्यंत सिमेंट ओतलेलं झाड कुऱ्हाडीवाचूनही मरतं, कारण मुळांना पाणी आणि हवा मिळत नाही. तुमच्या सोसायटीतल्या झाडांची आळी मोकळी करून घ्या. खोडातले खिळे काढा. पालिकेच्या उद्यान विभागाला पत्र लिहून मागा, की आमच्या बागेत एक पळस, एक पांगारा आणि एक सावर लावा. पांगाऱ्याची फांदीसुद्धा पावसाच्या तोंडावर खोचली की रुजते. सोनमोहर लावणाऱ्याने तुमचं नाव ऐकलं नव्हतं, तरी आजची सकाळ त्याने तुम्हाला दिली. तुम्हीही न पाहिलेल्या कुणासाठी एवढं करा, आणि ते याच जूनमध्ये करा.