कारभार की राज्य?

भाषांतरात शब्द चुकला तर आम्ही मास्तर लोक फार तर अर्धा गुण कापतो. न्यूझीलंडात मात्र एका मिशनऱ्याने लिहिलेल्या शब्दावरून सुरू झालेला वाद अजून मिटलेला नाही.

१८४० चा फेब्रुवारी. कॅप्टन विल्यम हॉबसन राणी व्हिक्टोरियाच्या वतीने माओरी सरदारांशी करार करायला वायतांगीला आला. कराराचं माओरी भाषांतर करायचं काम हेन्री विल्यम्सकडे गेलं. हा मूळचा आरमारातला, पण १८२३ पासून तिथेच राहिलेला. ४ तारखेच्या रात्री तो आणि त्याचा मुलगा एडवर्ड कामाला बसले आणि सकाळपर्यंत भाषांतर तयार!

इंग्रजी मसुद्याचं पहिलं कलम म्हणतं की सरदार आपलं सार्वभौमत्व राणीला देत आहेत. विल्यम्सने तिथे लिहिलं 'कावानातांगा'. गव्हर्नरचं माओरी तोंडात झालं 'कावाना', आणि त्यावरून मिशनऱ्यांनीच हा शब्द घडवलेला. त्यांच्या बायबलात पिलात हा कावाना, म्हणजे रोमच्या बादशहाचा सुभेदार. दुसऱ्या कलमात मात्र जमिनी आणि गावं यांवरची 'रांगातिरातांगा', म्हणजे सरदारकी, सरदारांकडेच राहील असं लिहिलं. गंमत म्हणजे 'तुझे राज्य येवो' या प्रार्थनेत 'राज्य' म्हणून मिशनऱ्यांनी हाच शब्द घातला होता! आपल्या भाषेत सांगायचं तर कारभार पेशव्यांकडे, गादी छत्रपतींची. (कारभाऱ्याच्या हाती हळूहळू सगळं कसं जातं, ते आपल्याला कोणी शिकवायला नको.)

१८३५ साली माओरी सरदारांनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला होता. त्याचं भाषांतरही विल्यम्सचंच, आणि त्यात राजसत्तेसाठी 'माना' हा शब्द होता. तेव्हा शब्द ठाऊक नव्हता असं म्हणता येत नाही. 'माना' लिहिलं असतं तर कोण सही करणार होतं? गोऱ्या खलाशांच्या दंगामस्तीपासून आणि जमिनीच्या दलालांपासून माओरींना इंग्रजी कायदाच वाचवील, असं त्याला मनापासून वाटत असावं. मी त्याला लबाड म्हणणार नाही. पण ज्याचं घर, त्याला न सांगता त्याच्या भल्याचा निर्णय घेतला, एवढं मात्र म्हणेन.

६ तारखेला सह्या सुरू होताना मिशनचा छापखाना सांभाळणाऱ्या विल्यम कोलेन्सोने हॉबसनला भर सभेत विचारलं, यांना करार समजला आहे का? समजला नसेल तर त्यात माझा दोष नाही, अशा अर्थाचं उत्तर मिळालं. आणि सह्या झाल्या.

पहिली सही होने हेकेची. पुढे १८४४-४५ मध्ये त्याने आणि त्याच्या माणसांनी कोरोरारेकाचा इंग्रजी ध्वजस्तंभ चार वेळा तोडला.

देशभरात पाचशेहून जास्त सरदारांनी सह्या केल्या, त्यांतल्या इंग्रजी मसुद्यावर जेमतेम ३९. बाकी सगळ्या माओरी मसुद्यावर. २०१४ मध्ये वायतांगी न्यायाधिकरणाने सांगितलं की फेब्रुवारी १८४० मध्ये सह्या करणाऱ्या सरदारांनी सार्वभौमत्व दिलंच नव्हतं. त्यावर सरकारचं उत्तर आलं, सार्वभौमत्व आमचंच आहे, त्यात शंका नाही.