नवशिक्यांसाठी मुक्त मार्गदर्शिका : मुक्तस्रोत सॉफ्टवेअरविषयक पुस्तकांच्या परवान्यांचा इतिहास

प्रस्तावना :
मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचा इतिहास बहुधा आज्ञावलींचा इतिहास म्हणून सांगितला जातो. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला आणि पुढच्याच वर्षी तो ग्नूच्या सार्वजनिक परवान्याखाली आणला. या कथनात आज्ञावली वापरायला शिकविणाऱ्या पुस्तकाला क्वचितच स्थान मिळते. वास्तविक, सोर्स कोड सर्वांना खुला असला तरी तो वाचू शकणारे थोडेच असतात. सामान्य वापरकर्त्याच्या दृष्टीने सॉफ्टवेअरचे खुलेपण त्याच्या हाती पडणाऱ्या मार्गदर्शिकेपासूनच सुरू होते. ही मार्गदर्शिका 'मुक्त' असणे म्हणजे ती फुकट मिळणे, की ती बदलता येणे, या प्रश्नाचा उलगडा मात्र आज्ञावलींच्या मानाने बराच उशिरा झाला. प्रस्तुत लेखात त्या उलगड्याचा मागोवा घेतला आहे.

लिनक्स दस्तऐवज प्रकल्प :
लिनक्सच्या पाठीशी आरंभी कोणतीही कंपनी नव्हती. त्यामुळे विकत घेतलेल्या संगणकासोबत येणारी जाडजूड पुस्तिकाही त्याला नव्हती. ही उणीव भरून काढण्यासाठी १९९२ मध्ये मॅट वेल्श, मायकेल जॉन्सन आणि लार्स विर्झेनियस यांनी लिनक्स दस्तऐवज प्रकल्प सुरू केला. वेल्श यांचे 'लिनक्स इन्स्टॉलेशन अँड गेटिंग स्टार्टेड' हे या प्रकल्पातील नवशिक्यांसाठीचे प्रमुख पुस्तक. त्या काळातील नवशिक्यापुढची कामे आज चमत्कारिक वाटतील. फ्लॉपींची चळत तयार करणे, हार्ड डिस्कचे विभाग पाडणे आणि चित्रमय पडद्यासाठी मॉनिटरची वारंवारिता स्वहस्ते नोंदविणे, हे सारे त्यालाच करावे लागे. विभाग पाडताना चूक झाल्यास असलेली माहिती पुसली जाई, आणि वारंवारिता चुकीची पडल्यास मॉनिटर बिघडण्याचा धोका असे. म्हणजेच अशा पुस्तकातील एक चुकीचा आकडा वाचकाला महागात पडू शकत होता.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे प्रकल्पाच्या जाहीरनाम्यातील नमुना-परवान्याचा अर्थ लागतो. या परवान्यानुसार स्वामित्वहक्काची सूचना कायम ठेवून कोणालाही पुस्तकाच्या प्रती काढता येत. छापून विकण्यासही आडकाठी नव्हती आणि काही प्रकाशकांनी प्रकल्पातील पुस्तके प्रत्यक्षात विकलीही. तथापि भाषांतर किंवा मूळ पुस्तकावर आधारित नवी आवृत्ती काढावयाची असल्यास लेखकाची आगाऊ लेखी संमती आवश्यक होती. आपल्या नावावर दुसऱ्याने चुकीची सूचना घुसडू नये ही लेखकाची इच्छा रास्तच म्हणावी लागेल. परंतु सॉफ्टवेअर दर काही महिन्यांनी बदलते, आणि लेखक शिक्षण संपवून अन्य कामाला लागतो. मग संमती कोणी द्यायची? अभ्यासक्रम बदलल्यावर सेवानिवृत्त सहकाऱ्याच्या टिपणांचे काय होते, हे ज्या प्राध्यापकाने पाहिले आहे, त्याला ही अडचण वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. प्रती काढण्याचे स्वातंत्र्य होते. ज्याची प्रत काढावी ते पुस्तक मात्र शिळे होत होते.

ग्नूचा परवाना आणि डेबियनचा आक्षेप :
मुक्त प्रणालींची सर्वांत मोठी उणीव चांगल्या मुक्त पुस्तिकांची आहे, असे प्रतिपादन स्टॉलमन यांनी केले. आज्ञावली बदलणाऱ्याला तिची पुस्तिकाही बदलता आली पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यातून मार्च २००० मध्ये ग्नूचा मुक्त दस्तऐवज परवाना प्रसिद्ध झाला. या परवान्याने बदलाचा आणि भाषांतराचा हक्क दिला. पण सोबत अटींचे ओझेही आले. मूळ लेखकाला काही दुय्यम प्रकरणे 'अपरिवर्तनीय' ठरविता येत. परवान्याचा संपूर्ण मजकूर प्रत्येक प्रतीसोबत जोडणे बंधनकारक होते. जाड ग्रंथाला हे सोसते, दहा पानांच्या पत्रकाला सोसत नाही. डेबियन प्रकल्पाच्या सदस्यांनी मार्च २००६ मध्ये मतदानाने असा निर्णय घेतला, की अपरिवर्तनीय प्रकरणे नसलेली पुस्तकेच मुक्त मानावीत. परिणामी खुद्द स्टॉलमन यांच्या ईमॅक्सची पुस्तिका डेबियनमध्ये 'अमुक्त' विभागात गेली. चळवळीच्या इतिहासातील हा विरोधाभास बोलका आहे.

एका पुस्तकाचे नामांतर :
दरम्यान डिसेंबर २००२ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने उपलब्ध झाले होते. त्यांपैकी सर्वांत सैल परवान्यात केवळ श्रेयनिर्देशाची मुख्य अट आहे. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने आशिया-पॅसिफिक देशांसाठी २००४ मध्ये काढलेली लिनक्स डेस्कटॉपची प्राथमिक मार्गदर्शिका याच परवान्याखाली होती. परंतु या परवान्याचे खरे महत्त्व कळण्यासाठी ओपनऑफिसचे उदाहरण अधिक उपयुक्त ठरते.

ओपनऑफिसच्या स्वयंसेवी लेखकगटाने 'गेटिंग स्टार्टेड' या नावाची प्रारंभिक मार्गदर्शिका ग्नूचा सार्वजनिक परवाना किंवा क्रिएटिव्ह कॉमन्सचा श्रेयनिर्देश परवाना, अशा दुहेरी पर्यायाखाली तयार केली होती. ओरॅकलने २०१० मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी ताब्यात घेतली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अनेक कार्यकर्ते बाहेर पडले आणि त्यांनी लिबरऑफिस सुरू केले. आज्ञावलीचा सोर्स कोड त्यांना नेता आला, तशीच मार्गदर्शिकाही नेता आली. नाव बदलले, चित्रे बदलली, मजकूर सुधारला. त्यासाठी कोणाच्याही लेखी संमतीची वाट पाहावी लागली नाही. नव्या पुस्तकाच्या आरंभी जुन्या पुस्तकाच्या लेखकांची नावे मात्र नोंदविलेली आढळतात. वेल्श यांच्या काळातील लेखकाला जी भीती वाटत होती, तिचे निराकरण येथे संमतीच्या अटीने न होता श्रेयाच्या आणि बदलाच्या स्पष्ट नोंदीने झाले.

मराठी निवेदन :
महाराष्ट्रात या प्रश्नाला भाषेचे परिमाण आहे. १९५७ च्या भारतीय स्वामित्वहक्क कायद्यानुसार भाषांतराचा हक्क हा स्वामित्वहक्काचाच भाग आहे. साहजिकच परवान्याचा उल्लेख नसलेले टिपण, ते विनामूल्य मिळाले तरी, मराठीत आणून प्रसिद्ध करणाऱ्याची वाट सुकर होत नाही. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखालील स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाने ही अडचण आरंभीच दूर केली. केंद्र शासनाच्या अर्थसाहाय्याने उभ्या राहिलेल्या या प्रकल्पात सुमारे दहा मिनिटांचे ध्वनिचित्र-पाठ तयार होतात. लिनक्स, लिबरऑफिस, पायथन अशा विषयांवरील हे पाठ क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देश व समान-वाटप परवान्याखाली आहेत. प्रथम संहिता लिहिली जाते. विषय न जाणणाऱ्या व्यक्तीला ती एकट्याने अनुसरता येते का, हे तपासले जाते. कारण पाठ पाहणाऱ्याजवळ शिक्षक असेलच असे नाही. नंतर निवेदन मराठीसह अन्य भारतीय भाषांत ध्वनिमुद्रित होते. मूळ दृश्य तेच राहत असल्याने मराठी वाक्य इंग्रजी वाक्याच्या वेळेत बसवावे लागते, आणि क्रियापद शेवटी येणाऱ्या भाषेत हे काम वाटते तितके सोपे नाही. पडद्यावरील 'फाईल', 'सेव्ह', 'इन्सर्ट' हे शब्द मराठी निवेदनातही तसेच ठेवावे लागतात.