भावंडाच्या लग्नाचा मांडव



महोत्सवाच्या प्रसंगीं देवळाचा इतिहास लिहिण्याचा प्रघात आहे, आणि तो योग्यच आहे. पाया केव्हां घातला, घंटा कोठून आली, कोणकोणत्या धर्मगुरूंनीं सेवा केली, हें पुढील पिढीस कळलेंच पाहिजे. परंतु देवळांतून निघालेली लग्नाची वरात ज्या मांडवाकडे जाते, त्या मांडवाचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाहीं. भावाचें किंवा बहिणीचें लग्न निघालें म्हणजे घरांतील बाकीचीं भावंडें रात्रंदिवस राबतात, पंक्ति उठतात, गाणें व नाच होतो. हें सारें केवळ हौसेचें म्हणून आपण सोडून देतों. वस्तुतः या मांडवाच्या मागें चार शतकांहून अधिक काळाचा इतिहास आहे. आणि त्यांत एक काळ असा येऊन गेला कीं, मांडव घालणें, मसाला कुटणें व ओवी म्हणणें हा ख्रिस्ती माणसाचा अपराध ठरला होता. तो वृत्तांत संक्षेपानें सांगावा एवढाच या लेखाचा हेतु आहे.

काना गांवचें लग्न

आरंभ आपल्या सर्वांच्या परिचयाच्या लग्नापासून करणें उचित होईल. संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायांत गालिलांतील काना गांवच्या लग्नाची हकिगत आहे. मेजवानी चालू असतां द्राक्षारस संपला. यजमानाची अब्रू जाण्याची ती वेळ होती, आणि ती पवित्र मातेनें ओळखली. तेथें सहा दगडी रांजण होते. चाकरांनीं ते प्रभूच्या सांगण्याप्रमाणें कांठोकांठ पाण्यानें भरले, आणि पुढें काय घडलें हें आपण जाणतोंच.

यांत दोन गोष्टी ध्यानांत घेण्याजोग्या आहेत. पहिली ही कीं, प्रभूनें आपला पहिला चमत्कार लग्नाच्या मेजवानींत केला. दुसरी ही कीं, त्या वधूवरांचीं नांवें शुभवर्तमानांत दिलेलीं नाहींत. पाणी भरणाऱ्यांचें काम मात्र नोंदलेलें आहे. लग्नघरीं राबणाऱ्यांस याहून मोठा मान तो कोणता?

त्रेंतच्या महासभेचा निर्णय

पूर्वीं युरोपांत गुप्त विवाह पुष्कळ होत. दोघांनीं एकांतांत एकमेकांस वचन दिलें, तरी ख्रिस्तसभा तें लग्न मानी. पण पुढें एकानें नाकारल्यास पुरावा कसला? हा अनर्थ टाळण्यासाठीं त्रेंत येथील महासभेनें ता. ११ नोव्हेंबर १५६३ रोजीं नियम केला कीं, लग्नाची सूचना देवळांत तीन सणांच्या दिवशीं जाहीर वाचली जावी. लग्न धर्मगुरूच्या व दोन किंवा तीन साक्षीदारांच्या समक्ष व्हावें. आणि वधूवरांचीं व साक्षीदारांचीं नांवें, दिवस व स्थळ धर्मगुरूनें एका वहींत लिहून ठेवावीं. अशा लग्नाच्या वह्या प्रत्येक धर्मग्रामांत ठेवल्या जातात. त्या उघडून पाहिल्या तर साक्षीदारांच्या रकान्यांत कित्येकदां भावाचें किंवा बहिणीचें नांव आढळतें.

त्याच सभेनें आणखी एक गोष्ट निक्षून सांगितली. लग्न होतें तें वधूवरांच्या संमतीनें. आईबापांची परवानगी नव्हती एवढ्याच कारणानें तें रद्द ठरत नाहीं. म्हणजे वेदीपुढें कुटुंबाचें काम साक्ष देण्यापुरतेंच आहे. मग कुटुंबाचें खरें स्थान कोठें? तें मांडवांत आहे. दोघांच्या शब्दानें लग्न लागतें. पण त्या दोघांचा संसार गोतांत व गांवांत रुजतो तो अनेकांच्या हातांनीं. सभेच्या धर्माचार्यांस हेंहि ठाऊक होतें. कारण त्याच निर्णयांत त्यांनीं अशी इच्छा प्रकट केली आहे कीं, निरनिराळ्या प्रांतांत लग्नाच्या ज्या स्तुत्य चालीरीति असतील त्या अवश्य राखाव्या.

लग्नाचा काळहि या सभेनें बांधून दिला. आगमनकाळापासून प्रभुप्रकटनाच्या सणापर्यंत, तसेंच राखेच्या बुधवारापासून पुनरुत्थानाच्या सणानंतरच्या आठव्या दिवसापर्यंत लग्नसमारंभ करूं नये, असा नियम झाला. त्यांत आपल्याकडील पावसाळा व शेतीचीं कामें मिळवलीं म्हणजे लग्नाचे दिवस थोडेच उरत. नाताळानंतर उपवासकाळ लागेपर्यंत आणि पुढें पहिला पाऊस पडेपर्यंत गांवोगांवीं मांडवांची जी गर्दी उडे, तिचें मूळ यांत आहे.

१७३६ चें फर्मान

त्रेंतच्या सभेच्या वेळीं वसई पोर्तुगीजांच्या ताब्यांत येऊन एकोणतीस वर्षें लोटलीं होतीं. गुजराथच्या सुलतान बहादुरशहानें ती डिसेंबर १५३४ मध्यें तहानें दिली होती. गोव्यांत १५६० सालीं इन्क्विझिशनचें धर्मन्यायालय स्थापन झालें, आणि त्याचा अधिकार पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील सर्व मुलुखांवर चाले.

या न्यायालयानें ता. १४ एप्रिल १७३६ रोजीं जें फर्मान काढलें, तें आपल्या मांडवाच्या इतिहासांतील सर्वांत कठोर प्रकरण होय. लग्नांत देशी वाद्यें नकोत. ओव्या म्हणूं नयेत. पानसुपारी वांटूं नये. वधूवरांच्या घरीं फुलें, विडे व तळलेले पदार्थ पाठवूं नयेत. हळद लावूं नये. मांडव व तोरणें उभारूं नयेत. इतकेंच नव्हे, तर लग्नाच्या आदल्या दिवशीं तांदूळ सडणें, मसाले कुटणें व दळण दळणें हेंहि समारंभानें करूं नये, अशीं बंधनें त्यांत होतीं.

हा मनाई-हुकूम का निघाला, हें न्यायबुद्धीनें पाहिलें पाहिजे. नवा धर्म स्वीकारलेले लोक या रीतींच्या द्वारें जुन्या देवतांकडे परत वळतील, अशी न्यायाधीशांस भीति वाटत होती. परंतु फर्मानांतील यादी पुन्हां वाचली तर दिसून येतें कीं, तींतील बहुतेक कामें पूजेचीं नसून हातांचीं आहेत; आणि ते हात प्रायः बहिणींचे, भावजयांचे, आत्यांचे व शेजारणींचे आहेत. मनाई रीतीस केली खरी, पण घाव बसला तो सहकार्यावर. ओवीचीच गोष्ट घ्या. फादर थॉमस स्टीफन्स यांनीं आपलें ख्रिस्तपुराण ओवींतच रचिलें, आणि तें १६१६ सालीं धर्माधिकाऱ्यांच्या संमतीनें छापलें गेलें. जो छंद प्रभूचें चरित्र गाण्यास योग्य ठरला, तोच सव्वाशें वर्षांच्या आंत बहिणीच्या लग्नांत निषिद्ध ठरला!

फर्मान हरलें, मांडव राहिला

वसईंत या फर्मानाचा अंमल फार दिवस चालला नाहीं. तीनच वर्षांनीं, मे १७३९ मध्यें, चिमाजी आप्पांनीं वसईचा किल्ला घेतला आणि पोर्तुगीज सत्ता तेथून उठली. मुंबई बेट तर १६६५ सालींच इंग्रजांकडे गेलें होतें. गोव्यांत मात्र हें न्यायालय, मध्यंतरीं १७७४ पासून १७७८ पर्यंतचा काळ वगळतां, १८१२ सालीं कायमचें बंद होईपर्यंत चालूच होतें.

इतक्या दीर्घ काळानंतर काय उरलें, हें पाहण्यास दफ्तर धुंडाळण्याची गरज नाहीं. लग्नघरीं जावें म्हणजे पुरे. वसई व साष्टी भागांत मांडव आजहि घातला जातो. लग्नाच्या आदल्या सायंकाळीं वाजतगाजत विहिरीवर जाऊन घागरींतून पाणी आणावयाचें, त्यास मुंबईकडील ईस्ट इंडियन लोक उंबराचें पाणी म्हणतात. त्या पाण्यानें नवरानवरीस न्हाऊं घालतात. गोव्यांत लग्नापूर्वीं नारळाच्या रसानें माखण्याचा रोस नांवाचा विधि आहे. मामाच्या घरीं नवरीस कांकणें भरतात, तो चुडो. माहेरच्या मंडळींनीं नवदंपतीस घरीं बोलवावयाचें, तें परतणें. या प्रत्येक रीतींत कोणातरी नातलगाचें ठराविक काम आहे. आणि ज्याचें काम ठरलेलें, त्याचें स्थानहि ठरलेलें. म्हणूनच या रीति टिकल्या. हुकूम एका माणसास गप्प करूं शकतो. पण जी गोष्ट शंभर हातांत वांटलेली आहे, ती कोणाच्या हातून हिसकावून घेणार?

स्वयंपाकाविषयींहि हेंच म्हणतां येईल. ईस्ट इंडियन घरांतील बाटलीचा मसाला अनेक जिनसांचा असतो. त्या निवडून, उन्हांत वाळवून, भाजून व कुटून तो बाटल्यांत भरून ठेवतात. लग्नाचे फुगे करावयाचे तर पीठ, अंडीं व नारळाचा रस एकत्र मळून, ताडीनें फुगवून, कढईंत तळावे लागतात. डुकराचें इंदेल, सरपोतेल, तांदळाच्या भाकरी, हें एकट्या गृहिणीचें काम नव्हे. नवरीच्या बहिणीनें पीठ मळावें, भावानें लांकडें फोडावीं, शेजाऱ्यांनीं मोठीं तपेलीं आणून द्यावीं, तेव्हां गांवजेवण उठे.

नाचाची परंपरा

नाचाचा इतिहास दुहेरी आहे. युरोपीय नृत्यें व व्हायोलिन पोर्तुगीजांबरोबर आलीं. घुमट आपला होता. मातीच्या घटास दोन तोंडें ठेवून मोठ्या तोंडावर घोरपडीचें कातडें ताणून तें वाद्य बनवीत. एकोणिसाव्या शतकांत गोव्याच्या सासष्टी प्रांतांत या दोहोंच्या संगमांतून मांडो जन्मास आला : स्त्रीपुरुषांनीं समोरासमोर दोन रांगांत उभें राहून संथ पावलें टाकावीं, स्त्रियांच्या हातीं पंखा असावा, गाणें प्रेमाचें वा विरहाचें असावें, आणि शेवटीं दुलपदाच्या जलद तालांत सर्वांनीं सामील व्हावें. फर्मानानें देशी वाद्यें लग्नांतून हांकलून दिलीं होतीं. शंभर वर्षांच्या आसपास तींच व्हायोलिनच्या शेजारीं मानानें बसलीं. पुढें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळें घोरपडीच्या कातड्यास बंदी आली. तेव्हां बकऱ्याचें कातडें वापरण्यास सुरुवात झाली, आणि २०१९ मध्यें गोवा सरकारनें घुमटास राज्याचें वारसा-वाद्य म्हणून घोषित केलें.

दुसरी बाजू

मांडवाची स्तुति करतांना त्याची दुसरी बाजू झांकणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. १८७५ सालीं पुणें व अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनीं सावकारांविरुद्ध दंगे केले. त्यांच्या चौकशीसाठीं नेमलेल्या मंडळानें असें मत दिलें कीं, लग्नखर्च हें शेतकऱ्याच्या कर्जाचें मूळ क्वचितच असतें. परंतु तो खर्च ऐपतीच्या मानानें अधिक असतो, हेंहि मंडळानें नमूद केलें. आपल्या वसईंतहि सावकारी कर्जाची पीडा होती. तींतून लोकांस सोडविण्यासाठीं धर्मगुरु मोनिस यांनीं १९१८ सालीं कॅथॉलिक पतसंस्था काढली. तीच पुढें बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक म्हणून नांवारूपास आली.

यावरून बोध घ्यावयाचा तो हा : जेथें मांडव हातांनीं उभा राहतो, तेथें खर्च वांटला जातो, जेथें तो नुसत्या पैशानें उभा राहतो, तेथें ओझें एकाच घरावर पडतें. भाड्याचें सभागृह व कंत्राटी जेवण यांत पाप नाहीं. दूरच्या नोकऱ्या, लहान घरें व चार दिवसांची रजा यांमुळें तें कित्येकांस अपरिहार्य झालें आहे. पण सख्ख्या भावाच्या लग्नांत बहीण केवळ पाहुणी होऊन बसली, नटूनथटून आली, जेवली व गेली, तर जें फर्मानानें साधलें नाहीं तें आपण आपल्या हातांनीं साधूं.

चारशें वर्षांनंतर

त्रेंतची महासभा ता. ४ डिसेंबर १५६३ रोजीं संपली. बरोबर चारशें वर्षांनीं, ता. ४ डिसेंबर १९६३ रोजीं, पोप सहावे पॉल यांनीं दुसऱ्या व्हॅटिकन महासभेचा उपासनेविषयींचा दस्तऐवज जाहीर केला. त्याच्या सत्त्याहत्तराव्या कलमांत लग्नविधीचा विचार आहे, आणि तेथें त्रेंतच्या सभेचें तेंच जुनें वाक्य पुन्हां उद्धृत केलें आहे : प्रांतोप्रांतींच्या स्तुत्य चालीरीति अवश्य राखाव्या. ख्रिस्तसभेचा मूळ हेतु काय होता, याविषयीं यानंतर शंका उरत नाहीं. मधल्या काळांत जो कठोरपणा झाला तो इतिहासजमा झाला. आपल्या आज्यापणज्या मात्र मुकाट्यानें तांदूळ सडीत राहिल्या, आणि अखेर खऱ्या ठरल्या.

वेदीपुढील लग्नाची नोंद धर्मग्रामाच्या वहींत राहते. मांडवाची नोंद कोठेंच राहत नाहीं. ओव्या कोणी गाइल्या, मसाल्याचें प्रमाण कोण सांगे, घुमट कोण वाजवी, पाणी कोणत्या विहिरीवरून आणीत, हें सर्व वृद्ध मंडळींच्या स्मरणांत आहे, आणि त्यांच्याबरोबर तें जाणार. यास्तव या महोत्सवाच्या वर्षीं प्रत्येक घरानें एक वही घालावी. घरांतील वडील मावशी, आत्या किंवा काकी यांच्यापाशीं बसून त्यांच्या वेळच्या लग्नाची सर्व हकिगत, ओव्यांसह व पाककृतींसह, लिहून घ्यावी. आणि पुढील लग्न घरांत निघेल तेव्हां प्रत्येक भावंडानें निदान एक काम आपल्या हातानें करावें : फुगे तळावे, पंक्तींत वाढावें, पाण्याची घागर उचलावी, वृद्ध आजीचा हात धरून तिला नाचाच्या रिंगणांत आणावें.

काना गांवच्या चाकरांनीं केवळ पाणीच भरलें होतें. आपणहि आपापल्या वांट्याचें पाणी भरावें. त्याचा द्राक्षारस करणारा समर्थ आहे. त्याच्या कृपेनें आपल्या धर्मग्रामांतील मांडव सदैव भरलेले राहोत, अशी प्रार्थना करून हा लेख पुरा करतों.