अनुसूचीतील परके

भारताचा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ चा. संकटग्रस्त प्रजातींच्या व्यापाराविषयीचा वॉशिंग्टन करार १९७३ चा. भारत त्यात १९७६ साली सहभागी झाला, तरी अधिनियमाच्या अनुसूची प्रामुख्याने देशी जीवांपुरत्याच राहिल्या. दक्षिण अमेरिकेतील मकाव पोपट सीमेवर सीमाशुल्क व परकीय व्यापाराच्या नियमांत अडे. आत आल्यावर मात्र वन्यजीव कायद्याच्या लेखी तो जवळजवळ नव्हताच. ज्याचे नाव कोशात नाही, त्याची ही गत! २०२२ च्या दुरुस्तीने सहा अनुसूचींच्या जागी चार आणल्या आणि चौथी करारातील प्रजातींना दिली. ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. याच फेरमांडणीत कावळा, उंदीर, फलाहारी वटवाघूळ यांना ‘उपद्रवी’ ठरविणारी पाचवी अनुसूची गळाली. अधिसूचनेद्वारे तसे घोषित करण्याचा केंद्राचा अधिकार मात्र कायम राहिला.